दोन बावन्नची नोंद

सोमवारी सकाळी सात वाजता कंट्रोलरूममध्ये पाऊल टाकलं आणि पाहिलं तर गॅसच्या अलार्मची यादी दिसते त्या पडद्यावर एक पिवळी पट्टी आडवी पसरली होती. या संगणकाचा सपोर्ट संपला आहे आणि पुढच्या विंडोजसाठी हे यंत्र पात्र नाही, असा इंग्रजीतला मजकूर. खाली दोन चौकोन होते, एक अधिक माहितीचा आणि एक नंतर आठवण करा म्हणणारा. मी दुसरा दाबला. पट्टी गेली, यादी पूर्वीसारखी हिरवी झाली. पण माझं बोट माऊसवरून उठेना. मी एकोणसाठचा आहे, येत्या मे महिन्यात माझाही सपोर्ट संपणार, म्हणून असेल, असं आधी मी स्वतःला हसून सांगितलं. असले विनोद मी पुष्कळ करतो, बसमध्ये माणसं हसतात. मग कळलं की मला भीती वाटतेय. साधी भीती. कारण हे संगणकाचं खोकं आता जाणार आणि ते कसं जावं हे कुणीतरी मला विचारणार. गेली सात वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत नव्हतो असं म्हटलं तर ते खोटं होईल.

विचारलं हर्षदने, दुपारच्या जेवणानंतर. हर्षद आमचा इन्स्ट्रुमेंटचा इंजिनियर, अठ्ठावीस वर्षांचा, नागोठण्याचा. पोरगा चांगला आहे, आणि हीच अडचण आहे. त्याने एक फॉर्म पुढे ठेवला. रकाने दोन. पहिल्यात नवी विंडोज, नवं यंत्र, पुरवठादाराची नवी सिस्टिम. दुसऱ्यात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स, हेच खोकं, हेच कार्ड. कार्ड म्हणजे खोक्याच्या पोटात खोचलेली बोटभर रुंद हिरवी पाटी. प्लांटमधल्या गॅस सेन्सरच्या सगळ्या तारा शेवटी तिच्यात येतात, आणि त्या तारा मी ओढलेल्या आहेत. नव्या यंत्रांना ही पाटी खोचायला खाचच नसते. "काका, मी घरी लिनक्सवर ट्राय केलंय," हर्षद म्हणाला. "कार्ड चालतं. मस्त चालतं. आणि मेन म्हणजे जुना सगळा रेकॉर्ड आपल्यासोबत येतो, अकरा वर्षांचा. नवी सिस्टिम घेतली तर शून्यापासून सुरुवात. जुन्या फाइली ती वाचतच नाय." मी म्हटलं, "जुन्या फाइली कोण बघतो रे?" तो म्हणाला, "आज नाय बघत. पण कवातरी लागतील ना." फॉर्मच्या तळाशी शिफारस अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे टाइप करूनच टाकलं होतं, श्री. दिनानाथ म्हात्रे. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, म्हात्रे म्हणतील ते. माझ्या शब्दाला असा मान मिळावा म्हणून मी एकतीस वर्षं घासली आणि तो मिळाला तेव्हा फॉर्मची घडी घालून खिशात ठेवण्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

कंपनीची बस धाटाववरून निघते, रोह्यातून नागोठण्याला येते, हायवेला लागते आणि गडब, वडखळ करत पेणला मला सोडते. गडबला ती रोज थांबायची. आता तिथं चढणारं-उतरणारं कुणी नाही, दोघं होते ते मोटारसायकलने येतात, पण ड्रायव्हर सवयीने वेग कमी करतो आणि मी सवयीने डाव्या खिडकीतून नजर काढून घेतो. डावीकडे भातखाचरं आहेत, मग एक टपरी, टपरीमागे विशालचं घर. विशाल ठाकूर. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, माझ्याच शिफ्टला, माझ्याच शेजारच्या खुर्चीत. बसमध्ये चढला की आधी मागच्या सीटवरच्या झोपलेल्यांची खोडी काढायचा आणि मग माझ्या शेजारी येऊन अगदी शहाण्यासारखा बसायचा. पोरीचं नाव त्यानेच किमया ठेवलं. गावात असलं नाव नाय कुणाचं, म्हणून. बायको वैशाली. तिच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या मी निदान हजारभर खाल्ल्या असतील, त्याच्या डब्यातल्या. हे मी आठवत नाही. आठवण काढावी लागते ती गेलेल्या गोष्टींची. हे सगळं गडब आलं की आपोआप शेजारी येऊन बसतं.

ते खोकं पहिल्यांदा बसवलं तेव्हा पुरवठादाराचा माणूस घाईत होता. प्रत्येक ऑपरेटरचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड करायला अर्धा दिवस जाईल म्हणाला. त्या दिवशी खुर्चीत विशाल होता. माणसाने त्याचं एकट्याचं नाव टाकलं, बाकीच्यांची फोनवरून टाकतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. मग आम्ही सगळेच विशाल झालो. तिन्ही शिफ्टचे. अलार्म वाजला की कुणीही उठून तो पाहिल्याचं बटण दाबावं, भोंगा बंद व्हावा, आणि यंत्राने लिहावं की विशालने पाहिला. तो रजेवर असला तरी. "आज मी लग्नाला गेलतो, तरी ड्युटी केली," असं तो हसून म्हणायचा. यात काही वावगं आहे असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते मला ठाऊक आहे. माझा बाप मिठागरात होता. उधाणाची भरती आली की खाडीच्या बांधावर पहारा लागायचा, दर पन्नास पावलांवर एक माणूस. मुकादम एका टोकावरून नावं पुकारत यायचा आणि ज्याचं नाव त्याने 'हाय' म्हणायचं. कुणाचा डोळा लागलेला असला, कुणी झुडपाआड गेलेला असला, तर शेजारचा त्याच्या नावाने 'हाय' म्हणायचा. मी लहानपणी बापाच्या मांडीला टेकून हे ऐकलंय. मुकादमालाही आवाज ओळखू यायचे, तो काही बोलायचा नाही. याला आमच्यात सांभाळून घेणं म्हणतात. जो सांभाळून घेत नाही त्याला आमच्यात कुणी पोरगी देत नाही. त्या पहाऱ्याने बांध कधी फुटला का, हे मी बापाला विचारलं नाही.

त्या दिवशी जुलै होता, पहिली शिफ्ट, तीनला सुटणारी. पावसात पंपहाऊसचा सेन्सर ओल धरायचा आणि उगाच बोंबलायचा. त्या आठवड्यात तो रोज चार-पाच वेळा वाजला होता, सगळे खोटे. दोन वाजून बावन्न मिनिटांनी पुन्हा वाजला. मी उभाच होतो, खांद्याला पिशवी, हातात छत्री. बसला डावीकडची खिडकी मिळावी म्हणून मला लवकर निघायचं होतं. खरंच एवढंच कारण होतं. त्यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलंय, आई आजारी, घरी भांडण, काहीतरी. मी पिशवी खाली न ठेवता वाकलो, बटण दाबलं, आणि बाहेरचा भोंगा दुसऱ्या हाकेला थांबला. विशाल खोलीत नव्हता. शेवटचा राउंड मारून येतो म्हणून गेला होता, म्हणजे पुढच्या शिफ्टला लगेच भिजत जायला नको. तो पंपहाऊसमध्ये होता. भोंगा वाजत राहिला असता तर तो बाहेर धावला असता, प्रत्येक जण धावतो, ते अंगात असतं. पण भोंगा थांबला म्हणजे कंट्रोलरूममध्ये कुणीतरी पाहिलं, म्हणजे खोटा. त्याने बहुधा तिथं उभं राहून मला एक शिवी दिली असेल आणि काम पुढे चालू ठेवलं असेल. तीन वाजून दहा मिनिटांनी तो दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला पंपापाशी पडलेला सापडला. मी तोवर बसमध्ये, डाव्या खिडकीशी.

चौकशीला हेडऑफिसची तीन माणसं आली. त्यांनी अलार्मच्या यादीची प्रिंट काढली. दोन बावन्न, पंपहाऊस, गॅस. दोन बावन्न, पाहिला, विशाल. मला विचारलं, तुम्ही कुठे होतात? मी म्हटलं, निघालो होतो. खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांनी निष्कर्ष लिहिला की मयताने स्वतः अलार्म बंद केला आणि खात्री न करता आत गेला, निष्काळजीपणा स्वतःचा. आमच्याकडे कामावर माणूस गेला तर वारसाला नोकरी देतात, किमया अठराची झाली की तिला मिळाली असती. स्वतःच्या चुकीने गेला तर देत नाहीत. तिन्ही शिफ्टच्या अठरा माणसांना ठाऊक होतं की ते नाव सगळ्यांचं आहे. अठराही गप्प बसली, कारण बोललं की पुढचा प्रश्न, मग दाबलं कुणी? ती मलाच सांभाळून घेत होती. पण एक गोष्ट त्या अठरांनाही ठाऊक नव्हती. पंपहाऊसच्या भिंतीला एक हिरवं बटण आहे. राउंडवर येणाऱ्याने ते दाबायचं, यंत्र वेळ लिहून ठेवतं. एका जुन्या मॅनेजरच्या हुकमावरून ते मी बसवलं, त्याची बदली झाली, बटण तसंच राहिलं आणि त्याच्या नोंदी खोक्यात वेगळ्या पानावर पडत राहिल्या. ते पान उघडता येतं हे फक्त मला माहीत. ते बटण कुणी दाबायचं नाही. विशाल दाबायचा. प्रत्येक राउंडला. आम्ही त्याला हसायचो. चौकशीनंतर चौथ्या दिवशी खोलीत कुणी नसताना मी ते पान उघडलं. दोन एक्कावन्न, पंपहाऊस. तिथून कंट्रोलरूम पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. एका मिनिटात तो दोन्हीकडे असू शकत नव्हता. मी पान बंद केलं. ते पुसावं असं मनात आलं नव्हतं असं नाही, पण पुसणं म्हणजे काहीतरी करणं, आणि मी काही न करणाऱ्यांतला माणूस.

आता करायची वेळ आली होती, आणि गंमत अशी की करण्याच्या दोन्ही रकान्यांत एकेक प्रामाणिक माणूस मावत होता. बुधवारी मी फॉर्म उघडून बसलो. लिनक्स घेतलं तर खोकं राहतं, रेकॉर्ड राहतो, हर्षदसारखा पोरगा एक ना एक दिवस हिरव्या बटणाच्या पानापर्यंत पोचतो. विंडोज घेतली तर ते पान भंगारात. याची दुसरी प्रत कुठेही नाही, तेही मलाच माहीत. मी पेन उचललं आणि लिहीत गेलो. लिनक्स जाणणारा माणूस प्लांटमध्ये एकच आहे, तो उद्या गुजरातला गेला तर पाहणार कोण? कार्ड अकरा वर्षं जुनं, त्याचा जोड बाजारात मिळत नाही. गॅसच्या सिस्टिममागे पुरवठादाराची जबाबदारी हवी. पुन्हा वाचून पाहिलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. उलट मी विशालला मारलं नसतं तरी कदाचित हेच लिहिलं असतं, आणि हे मला आता कधीच कळणार नाही. हर्षदने वाचलं, त्याचा चेहरा उतरला. पण म्हणाला, "तुमचं बरोबर हाय काका. मी खरंच दोन वर्षांत जाणार." त्याला माझं पटलं होतं. मी उठून पाणी प्यायलो.

दिवाळीनंतर नवी यंत्रं आली. जुनी खोकी कामगारांच्या पोरांना वाटायची असं ठरलं, आणि हर्षदनेच नाव काढलं. "विशालमामांची किमया डिप्लोमा करते ना पेणला? कॉम्प्युटरचाच. तिला कंट्रोलरूमचं देऊ. विंडोज नाय चढणार त्याच्यावर, पण लिनक्स पळेल. काका, तुमी रोज गडबवरनं जाता, तुमीच द्या ना. फॉरमॅट करून." त्याने मला लिनक्सचा पेनड्राइव्ह दिला. मी गेटपासवर 'डिस्क पुसली आहे' असं लिहून सही केली. पुसली नव्हती. का नव्हती ते मी बसमध्ये, मांडीवर खोकं घेऊन, स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो. मी तिच्या घरी जाणार, खोकं लावणार, ते पान उघडणार आणि मायलेकींना दाखवणार. हे बघा, दोन एक्कावन्न. कंपनीत ते पान मला कुणासमोर उघडता आलं नाही, तिथं माझा मान होता. तिच्या ओटीवर येईल. नागोठणं जाईपर्यंत मला अगदी खात्री होती. इतकं हलकं मला सात वर्षांत वाटलं नव्हतं. शेजारच्याने विचारलंही, "काय म्हात्रेकाका, आज लय खुशीत?"

गडबला मी उतरलो तेव्हा ड्रायव्हरने वळून पाहिलं. खाचरांत कापणी झाली होती, भाताचे भारे रचून ठेवले होते. वैशाली ओटीवरच होती. केस बरेच पिकलेत तिचे. "या भावोजी," ती म्हणाली, अगदी काल भेटल्यासारखी. "हर्षदचा फोन आलता. किमया कवाची वाट बघतंय." किमया आतून धावत आली आणि खोकं माझ्या हातातून घेतलं. उंच झालीय, बापासारखे पुढचे दात. तिने शेजारच्याकडून पडदा आणि कळफलक मागून आणून ठेवले होते. पाच मिनिटांत तिने सगळ्या तारा लावल्या, न विचारता. आता आधी जुनी विंडोज चालू करायची, पान उघडायचं, दाखवायचं. मी म्हणायला गेलो तोवर तिने पेनड्राइव्ह खोचलाही होता. पडद्यावर लिनक्स आलं आणि त्याने विचारलं की या डिस्कवर आधीचं काही आहे, ते ठेवून त्याच्या शेजारी बसू की सगळं पुसून एकटा राहू. दोन ओळी, दोन गोल. "काका," किमया म्हणाली, "यात जुनं कायतरी आहे. ठेवायचंय का?" तिने माझ्याकडे पाहिलं. वैशाली चुलीकडे होती. मला सात वर्षांत कुणी इतक्या सरळ विचारलं नव्हतं. उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द मी बसमध्ये वीस वेळा म्हटला होता. मी म्हणालो, "नको. कंपनीचं काय काय असतं त्यात. तुला कशाला तो कचरा?" तिने खालचा गोल निवडला. खात्री आहे का असं यंत्राने पुन्हा विचारलं आणि तिने हो म्हटलं. मग एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. मी शेवटपर्यंत बघत होतो.

वैशालीने चहा आणला. पट्टी भरली होती, किमया नव्या पडद्यावर काहीतरी उघडून खूश होऊन बघत होती, आणि तेव्हा मी बोललो. का तेव्हाच, ते मला विचारू नका. पुरावा गेल्यावर माणसाला धीर येतो, एवढंच मी शिकलो. मी म्हणालो, "वैशाली, तो भोंगा विशालने बंद नव्हता केला. मी केला. दोन बावन्नला. मी."  मी कप खाली ठेवला.  वैशालीने पदराने तोंड पुसलं. "नका भावोजी," ती म्हणाली, "असं बोलू नका. मना ठाव हाय तुमचा किती जीव होता त्यांच्यावर. पण मेलेल्या माणसाची चूक अंगावर घेऊ नये. कंपनीनं कागद दिलाय ना, त्याच्यात त्यांचंच नाव हाय." मी म्हटलं, "ते नाव सगळेच वापरायचे." किमयाने मान वळवली. आवाजात राग नव्हता, समजूत होती, मोठ्या माणसाला सांभाळून घेतात तशी. "काका, मशीन कशाला खोटं बोलेल? बाबा निष्काळजीच होते. मी आता रडत नाही त्यावर. मी तशी नाही होणार, बस."

हिरव्या बटणाचं मी सांगू शकत होतो. निष्काळजी माणूस ते बटण रोज दाबत नाही गो पोरी, आम्ही हसायचो तरी दाबायचा, एवढं वाक्य पुरेसं होतं. त्याला पुरावाही लागला नसता. बापाबद्दलचं असं वाक्य पोर ऐकते. ते वाक्य पूर्ण, तयार, जिभेवर होतं. वैशाली म्हणाली, "तुमचं मन मोठं हाय, म्हणून तुमी आलात. बाकी कुणी आलं नाय सात वर्षांत." दोघी माझ्याकडे मायेने बघत होत्या. आणि मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली असेल, पण त्या क्षणी खरोखर, छातीवरचं ओझं उतरावं तसं हायसं वाटलं. माझं सांगून झालं होतं आणि त्यांनी ऐकलं नव्हतं. मी कप उचलला आणि चहा पिऊन टाकला.